तागडी, स्प्रिंगकाटा आणि महाबळेश्वरचे ४० मिलिग्रॅम

२०० ग्रॅमचं प्रमाण वजन चिमट्यात धरून मी काट्याच्या ताटलीवर अलगद ठेवलं, काचेची दारं ओढून घेतली आणि आकडा थांबायची वाट पाहत बसले. १९९.९६. त्यापुढचे दोन अंक जरा डुलले आणि तेही थांबले. वजन काढलं, शून्य आलं. परत ठेवलं. परत १९९.९६.

ही २०१४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट, महाबळेश्वरची. खिडकीबाहेर धुकं होतं आणि खोलीत मधाचा वास भरलेला. मध आणि जॅम तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्याची ती तपासणीची खोली. काटा त्यांचाच, काचेच्या पेटीतला, मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. दोनच दिवसांपूर्वी पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत मी स्वतः त्याचं कॅलिब्रेशन केलं होतं, म्हणजे प्रमाण वजनं ठेवून तो जुळवून घेतला होता. दाखल्यावर सही माझी होती. पुण्यात त्याच काट्यानं त्याच वजनाला २००.०००० दाखवले होते. नोकरीला लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते.

कारखान्याचे मालक शांत माणूस. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मॅडम, पुण्यात बरोबर असलेला काटा इथं येऊन चुकतो, असं कसं हो?"

मी म्हणाले, टेंपोत धक्का बसला असेल. आणि काटा परत पुण्याला आणला. पायांचे स्क्रू फिरवून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला, तासभर काटा चालू ठेवून तापू दिला, तेच वजन ठेवलं. २००.००००. चार वेळा ठेवलं, चारही वेळा तेच. काट्याला काहीही झालेलं नव्हतं.

आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनी दाखला वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "महाबळेश्वर किती उंचीवर आहे?"

"साडेतेराशे मीटर असेल."

"आणि पुणं?"

"साडेपाचशे-साठ."

"मग?"

त्या 'मग?'नं मला जागच्या जागी खिळवलं. मी भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केलेली. वस्तुमान सगळीकडे सारखं राहतं, वजन गुरुत्वाप्रमाणे बदलतं, हे उत्तर मी नववी-दहावीपासून किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पण उदाहरण नेहमी चंद्राचं असायचं. पुण्याहून वाई-पाचगणी करत वर गेलं की तीच गोष्ट आपल्या पायाखाली घडते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी कागदावर हिशोब मांडला. मोकळ्या हवेत सरळ वर गेलं तर दर मीटरला गुरुत्व त्वरण साधारण ०.००००० ३०८६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं कमी होतं. (शून्य मोजताना मी तेव्हाही चुकले होते, म्हणून इथं मुद्दाम सुटं करून लिहिलं.) आठशे मीटरला ही घट सुमारे ०.००२५ होते. पण महाबळेश्वर म्हणजे हवेत टांगलेली जागा नाही. पायाखाली आठशे मीटर जाडीचा काळा कातळ जास्तीचा आहे आणि तोही आपल्याला खाली ओढतो. त्यामुळे घट थोडी भरून निघते. उलट महाबळेश्वर पुण्याच्या अर्धा-पाऊण अंश दक्षिणेला आहे आणि विषुववृत्ताकडे जाल तसं गुरुत्व कमी होतं, म्हणून तिथं पुन्हा किंचित घट. सगळं जमेला धरलं की दहा हजारांत दोन भाग एवढा फरक निघतो. २०० ग्रॅमला ४० मिलिग्रॅम. काटा चुकत नव्हताच. तो त्या डोंगराची ओढ इमानानं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं परत वर गेले. काटा जागेवर मांडला, प्रमाण वजन ठेवून पाच मिनिटांत तिथल्या तिथं जुळवून दिला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "म्हणजे मध कमी झाला नाही ना?"

नाही. मध तेवढाच होता. त्याला खाली ओढणारी ओढ कमी झाली होती. वस्तुमान आणि वजन यांतला फरक मला इतक्या नेमक्या शब्दांत त्याआधी कुणी विचारला नव्हता.

हा घोळ होतो कुठं, तर काट्याच्या पोटात. वाण्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, लोडसेल म्हणतात त्याला. माल ठेवला की तो केसभर वाकतो आणि वाकण्याबरोबर त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो. प्रयोगशाळेतल्या काट्यात चुंबक आणि वेटोळं असतं. ताटली खाली जाऊ नये म्हणून वेटोळ्यातून किती वीज सोडावी लागली, ते काटा मोजतो. दोन्हीकडे मोजलं जातं ते बळ. पडद्यावर मात्र ग्रॅम आणि किलो दिसतात, म्हणजे वस्तुमानाची एककं. मधलं भाषांतर काटा करतो आणि त्यासाठी तो कॅलिब्रेशनच्या दिवशीचं, त्या जागेचं गुरुत्व लक्षात ठेवून बसलेला असतो. जागा बदलली की भाषांतर चुकतं. बऱ्याच काट्यांमध्ये 'जी व्हॅल्यू' भरायची सोय असते ती याचसाठी. कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर जागेचा रकाना असतो तोही याचसाठी. आता नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना पहिल्यांदा तो रकाना दाखवते.

भाजीवाल्याच्या काट्याला याचा काही त्रास नाही, हेही सांगायला हवं. दहा हजारांत दोन म्हणजे किलोला ०.२ ग्रॅम, आणि तो काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारणारा. पण पल्ला वाढवून बघा. कन्याकुमारी विषुववृत्तापासून आठ अंशांवर, दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांवर. अक्षांशाच्या सूत्रानं गुरुत्व त्वरण कन्याकुमारीला ९.७८१ आणि दिल्लीला ९.७९२ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. फरक हजारात एक. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच उचलून कन्याकुमारीला नेला, तर एक किलो सोनं तो जवळजवळ एक ग्रॅम कमी दाखवेल. एक ग्रॅम सोन्याला काय पडतात ते मी सांगायला नको. आणि गंमत अशी की लेहला नेला तर? अक्षांशामुळे गुरुत्व वाढतं, साडेतीन हजार मीटर उंचीमुळे कमी होतं, आणि नुसत्या सूत्रानं काढलं तर उत्तर मुंबईच्या जवळपास येऊन बसतं, ९.७८६. मुंबईतला समुद्रकिनारा आणि लेहचं वाळवंट या बाबतीत शेजारी. हे पहिल्यांदा काढलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर बंद करून पुन्हा सुरू केला होता.

आता आप्पांबद्दल.

माझे वडील सांगलीत तागड्या आणि तराजू दुरुस्त करायचे. सराफ कट्ट्यावरचे बारीक तराजू, मार्केट यार्डातले हळदीचे मोठे काटे, किराणा दुकानातल्या तागड्या, सगळं. सरकारी पडताळणीचा दिवस जवळ आला की आमच्या घरात वजनांचा ढीग पडायचा. घासून झिजलेल्या वजनाच्या बुडाला भोक असतं. त्यात शिशाचा तुकडा ठोकून ते पुन्हा पुरं करायचं, मग इन्स्पेक्टर तपासून शिक्का मारणार. मला सात-आठ वर्षांची असताना शिसं ठोकल्याचा आवाज बाहेरून ऐकून सांगता यायचं की वजन किलोचं आहे की पाच किलोचं.

सराफांच्या कपाटात तेव्हाही जुनी मापं असत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. कायद्यानं १९५८ पासून मेट्रिक आलं तरी म्हाताऱ्या सराफांची बोटं गुंजेतच विचार करायची. लाल-काळी गुंज एका पारड्यात, सोन्याचा कण दुसऱ्यात. मला आज कळतं ते असं, की त्या व्यवहारात पृथ्वी कुठंच नव्हती. म्हणजे होती, पण दोन्ही पारड्यांच्या पाठीशी सारखीच होती. गुंजेला जेवढ्या जोरानं ओढायची तेवढ्याच जोरानं सोन्यालाही. तागडी 'हे किती जोरानं खाली ओढलं जातंय?' असं विचारतच नाही. ती विचारते, 'हे त्याच्याएवढं आहे का?' म्हणून तागडी सांगलीत, महाबळेश्वरात, लेहमध्ये तेच उत्तर देते. ती वस्तुमान तोलते. आमच्या काचेच्या पेटीतला लाखभर रुपयांचा काटा वजन मोजतो आणि वस्तुमान सांगतो.

हे बोलले की लोकांना वाटतं मी जुन्याची बाजू घेते आहे. तसं नाही. तागडीला स्वतःची दुखणी असतात आणि आप्पांचं आयुष्य ती काढण्यात गेलं. दांडीचा एक हात केसभर लांब असला तर सगळंच बिघडतं. एका पारड्याला चिंचेचा गोळा चिकटवला की मापात पाप. पारडी सारखी नसली तर हलक्या बाजूला पासंग बांधावा लागतो. आप्पा शंका आली की एकच करायचे: माल आणि वजन यांची पारडी आलटून पालटून बघायचे. हात असमान असतील तर लगेच उघडं पडतं. आम्ही आजही प्रयोगशाळेत सर्वात काटेकोर कामाला हीच अदलाबदल करतो, फक्त तिला नाव इंग्रजी आहे.

आमच्या भाषेतली अडचण अशी की 'वजन' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. "वजन किती?" "पाच किलो." यात वाण्याची चूक आहे असं मला वाटत नाही. त्याला हवं असतं ते माल किती आहे हे, म्हणजे वस्तुमान, आणि त्यासाठी त्याच्या आजोबांपासून चालत आलेला शब्द वजन हाच आहे. शास्त्रानं तो शब्द नंतर उचलला आणि 'पृथ्वीची ओढ' या अर्थानं बांधून टाकला, एकक न्यूटन ठरवलं. पण आपण असंही म्हणतो ना, "त्यांचं गावात वजन आहे, मुंबईत कोण विचारतंय?" इथं मात्र शब्द अगदी भौतिकशास्त्राच्या अर्थानं येतो. माणूस तोच, जागा बदलली, वजन बदललं.

गेल्या वर्षी माझा भाचा दहावीला होता. विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यानं 'फरक स्पष्ट करा' पाठ केलं होतं, दोन रकाने आखून, पाच मुद्दे. म्हणून दाखवलं, बरोबर होतं. मी विचारलं, "पण तुला दिसलंय का ते कधी?" तो गप्प. आमची इमारत अकरा मजल्यांची. मी माळ्यावरून तबकडीचा जुना वजनकाटा काढला. डिजिटल इथं चालत नाही, तो एक आकडा धरून बसतो. आप्पांची हातात धरायची छोटी तागडी घेतली, एका पारड्यात २०० ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात तेवढीच हरभरा डाळ. शिवाय स्प्रिंगकाट्याला पाच किलो तांदळाची पिशवी अडकवली. दुपारी दोनला, कुणी नसताना, लिफ्टमध्ये शिरलो.

तो काट्यावर उभा, ४८ किलो. मी अकराचं बटण दाबलं. लिफ्ट निघताना तबकडी ५१ च्या पुढे गेली, मग ४८ वर आली आणि मधले सगळे मजले तिथंच राहिली. वर पोहोचून लिफ्ट थांबायला लागली तशी ४५ पर्यंत उतरली आणि पुन्हा ४८. "आत्या, मी मधेच बारीक झालो!" पुढच्या फेरीला स्प्रिंगकाटा. पाच किलो तांदूळ निघताना सव्वापाचच्या वर, थांबताना पावणेपाचच्या आसपास. तिसऱ्या फेरीला त्यानं तागडी हातात धरली. हात थरथरत होता, म्हणून पहिल्यांदा कोपर भिंतीला टेकवायला लावलं. दांडीच्या मधला काटा सरळ उभा राहिला, मग बटण दाबलं.

काटा हलला नाही.

लिफ्टला झटका बसला, तागडी धरलेल्या हाताला जास्त भार लागला, हे त्याच्या मनगटावरून मला दिसलं. पण काटा सरळच. डाळ जड झाली तेवढंच वजनही जड झालं. आम्ही सहा फेऱ्या मारल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत तो काहीच बोलत नव्हता, नुसता काट्याकडे बघत होता. मला तेवढं पुरलं.

राहिला एक प्रश्न, आणि तो त्यानंच काढला. तागडीला निदान काहीतरी ओढ लागते. ओढच नसेल तर? अवकाशात सगळं तरंगतं, तिथं वस्तुमान कसं मोजायचं?

त्यासाठी मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेले. आमच्याकडे छताच्या आकड्याला साखळीनं २० किलोचं लोखंडी वजन टांगलेलं असतं. त्याला म्हटलं, एका बोटानं ढकल. त्यानं ढकललं आणि बोट मागं वाकलं. वजन हलायला तयारच नाही, मग सावकाश, नाखुशीनं निघालं. परत येताना त्यानं तळहातानं थांबवलं, तर तळहातासकट त्याला अर्धं पाऊल मागं नेलं. शेजारी तेवढ्याच आकाराचा पत्र्याचा रिकामा डबा टांगला. तो फुंकरीनं हलला. खाली ओढणारी सगळी ओढ साखळीनं तोललेली आहे, तू आडवा ढकलतोयस, मग बोटाला जाणवलं ते काय? ते वजन नव्हे. तो लोखंडाचा हलायला आणि थांबायला असलेला विरोध, जडत्व. वस्तुमान म्हणजे मुळात हेच.

अंतराळवीरांचं वस्तुमान असंच मोजतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटरवर आहे. तिथं गुरुत्व नाही असं सर्रास म्हटलं जातं, पण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के गुरुत्व तिथं असतं. स्थानक, माणसं, काटा, सगळं एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतं, म्हणून काट्यावर भार येत नाही एवढंच. मग माणसाला स्प्रिंगच्या आसनावर बसवून हेलकावे द्यायचे. जितकं वस्तुमान जास्त, तितका हेलकावा संथ. हेलकाव्याला लागलेल्या वेळावरून किलो काढायचे. हे पहिल्यांदा १९७३ मध्ये स्कायलॅबवर केलं गेलं. महिनोन्महिने तिथं राहणाऱ्या माणसाचे स्नायू झिजतात, त्यामुळे हे मोजमाप चैनीचं नाही, गरजेचं आहे.

गुरुत्व जागेनुसार बदलतं हे माणसाला पहिल्यांदा कळलं तेही हेलकाव्यांवरूनच. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये सेकंदाला बरोबर लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं रोज सुमारे अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरनं तोकडा केला तेव्हा कुठं वेळ जुळली. उष्णतेनं दांडा लांबला असेल असा आक्षेप घेतला गेला, पण उष्णतेनं एवढा फरक पडत नाही. न्यूटननं पुढे ही निरीक्षणं घेऊन पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचं मांडलं. रिशेचा प्रसंग वाचताना मला दर वेळी माझं १९९.९६ आठवतं. त्यालाही पहिल्यांदा घड्याळच बिघडलं असं वाटलं असणार.

आपल्याकडे हे काम सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॅप्टन बसेवी यांनी केलं. १८६५ पासून ते रॉयल सोसायटीकडून आलेले दोन पितळी लंबक घेऊन देशभर फिरले. थेट दक्षिण टोकापासून लडाखमधल्या मोरेच्या माळापर्यंत, जो १५,००० फुटांच्याही वर आहे. लंबक हवा काढलेल्या भांड्यात झुलवायचा, तासन्तास आंदोलनं मोजायची, तापमान टिपायचं, पुन्हा झुलवायचा. मी वर्षातून दोनदा डोंगरावर काटा जुळवायला जाते आणि थकते. या माणसानं ती सगळी पेटारी माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून तिथं नेली होती. पुढचं ठाणं करायला गेलेले असताना जुलै १८७१ मध्ये लडाखच्या थंडीत, तंबूतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मोजमापातून निघालं ते असं: एवढा मोठा पर्वत खाली असूनही गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी. म्हणजे डोंगराच्या खाली खोलवर खडक हलका असला पाहिजे. पर्वतांची मुळं हलकी असतात या कल्पनेला त्या आकड्यांनी आधार दिला.

किलोग्रॅमचंही थोडं सांगते, कारण माझ्या पेशात तो दिवस सणासारखा होता. १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. ठोकळ्याची गरज संपली. पण ती व्याख्या प्रत्यक्षात आणायला जो किबल काटा वापरतात, तो पुन्हा बळच तोलतो. म्हणून त्या खोलीत, काट्याच्या शेजारी, निर्वात नळीत वस्तू पाडून लेसरनं तिथलं गुरुत्व आधी मोजावं लागतं. जगातल्या सर्वात अचूक काट्यालाही विचारावं लागतं, आपण कुठं उभे आहोत.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजता आम्ही सगळे सांगलीच्या घरी टीव्हीसमोर होतो. चांद्रयान-३चा विक्रम चंद्रावर उतरला, सगळे उभे राहिले, आप्पांनी बसूनच टाळ्या वाजवल्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यातली प्रज्ञान ही गाडी २६ किलोची, हे निवेदक सांगत होता. मी म्हणाले, "आप्पा, तिथं स्प्रिंगकाट्यावर ती सव्वाचार-साडेचार किलोच भरेल."

आप्पांनी थोडा विचार केला. "आणि आपली तागडी नेली तर?"

मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "गाडी हलकी, वजनंही हलकी. दोन्ही पारड्यांना सारखंच. २६ ची २६ भरणार." मग जरा थांबून, "काटा मात्र लवकर थांबायचा नाही."

हे मला सुचलं नव्हतं. मी आत जाऊन कागद घेतला. तराजूची दांडी डुलते म्हणजे तीही एक लंबकच. वजनात फरक असला तर ती किती कलणार हे गुरुत्वावर अवलंबून नाही, दोन्हीकडून ते छेदलं जातं. गुंजभर फरकाला इथं जेवढी कलते तेवढीच तिथं कलेल. पण डुलण्याचा वेळ गुरुत्वाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. सहावा हिस्सा गुरुत्व, म्हणजे अडीचपट वेळ. आप्पांच्या पेटीतल्या सराफी तराजूला एका हेलकाव्याला चार सेकंद लागतात. चंद्रावर दहा लागतील.

बाहेर येऊन सांगितलं. टीव्हीचा आवाज मोठा होता, त्यांनी तो कमी करायला लावला. मग उजव्या हाताचं बोट दांडीच्या काट्यासारखं उभं धरलं आणि डोळे मिटून ते डावीकडून उजवीकडे नेत, परत आणत मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार. मार्केट यार्डातले मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दहापर्यंत आले तेव्हा बोट परत डावीकडे पोहोचलं होतं.

"एवढा वेळ लागणार?" त्यांनी विचारलं.

"एवढा."

"मग तिथं गिऱ्हाइकाला बसायला पाट द्यावा लागेल," असं म्हणून त्यांनी पुन्हा लाभपासून मोजायला सुरुवात केली.